किती पावलांवरून?

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही सारे मुरबाडला दादामामांच्या घरी जमलो होतो. ताई शहापूरहून किन्हवलीमार्गे आली, मी कल्याणहून. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि ताईच्या मोबाईलवर कोलोरॅडोहून तिचे चिरंजीव प्रकट झाले. मूर्ती पाहून झाली, सर्वांची विचारपूस झाली. मग त्याने जो प्रश्न टाकला, तो आमच्या घरात गणपतीसमोर यापूर्वी कुणी विचारला नसेल.

“दादाआजोबा, ऑफिसातल्या मित्रांबरोबर एल्कच्या शिकारीला जातोय. पहिलीच वेळ. रायफल कोणती घेऊ?”

ताई म्हणाली, “गणपतीसमोर कसले हे बोलणे! आणि मटण काय बाजारात मिळत नाही तिकडे?”

आता तुम्ही म्हणाल, संगणकावर काम करणाऱ्या मुलाने हे ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना का विचारावे? त्याचे उत्तर मामांच्या माजघराच्या दारावर टांगलेले होते. तिथे सांबराची प्रचंड शिंगे आहेत. त्यांची वनखात्याकडे रीतसर नोंद आहे. ‘मामांनी एका गोळीत लोळवलेले सांबर’ ही कथा ऐकतच आम्ही सारी भाचरे लहानाची मोठी झालो. तिच्यावर मी शाळेत निबंधही लिहिला होता आणि मला दहापैकी आठ गुण मिळाले होते.

एल्क म्हणजे नेमके काय, ते मुलांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीच्या प्राध्यापकाला कुणी काही विचारले, की तो आधी शब्दाच्या मागे लागतो. युरोपात एल्क म्हणतात तो प्राणी निराळाच. अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी हे नाव तिथल्या दुसऱ्याच एका थोरल्या हरणाला देऊन टाकले. आणि सिलोनमध्ये गेलेल्या इंग्रजांनी तर आपल्या सांबरालाच एल्क केले! सॅम्युएल बेकर नावाच्या शिकाऱ्याचे १८५४ चे सिलोनवरचे पुस्तक आहे. त्यातला एल्क म्हणजे सांबर. बेकरसाहेब त्याच्यावर शिकारी कुत्रे सोडीत आणि सुरी घेऊन मागे धावत. तेव्हा भाच्याने मुरबाडला विचारले, यात फारसे चुकले नव्हते. दोन्ही जनावरे एकाच कुळातली, आणि थोराड नर अडीचशे-तीनशे किलोंच्या घरातला. एल्क तर त्याहूनही भरतो.

तिकडे भाचा नावांची यादी वाचीत होता. एक मित्र म्हणतो, थर्टी-ऑट-सिक्स घे. हे अमेरिकन सैन्याचे १९०६ सालचे काडतूस, अजून तितकेच लोकप्रिय. दुसरा म्हणतो, मॅग्नमच घे, एल्क दांडगा असतो. त्या राज्यातल्या कायद्याप्रमाणे एल्कसाठी नळीचा व्यास निदान ०.२४ इंच हवा आणि गोळीचे वजन निदान ८५ ग्रेन. परवान्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. अंगावर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी कापड घालायचे, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हालाच हरीण समजणार नाही. खाण्याजोगे मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा. हे शेवटचे ऐकून ताई जरा निवळली. अन्न वाया घालवायचे नाही, हा कायदा तिला पटला.

मामा इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारले, “किती पावलांवरून मारणार आहेस?”

“ते जनावर कुठे दिसेल त्यावर...”

“नव्हे. तुझ्यावर आहे ते.” आणि मामांनी दाराकडे बोट दाखवले. “ते सांबर मी एका गोळीत मारलेलं नाही.”

माजघरात शांतता पसरली. मला एकदम आठवले, की ती कथा आम्हाला आजी, मावशी, शेजारीपाजारी सर्वांनी सांगितली होती. मामांच्या तोंडून मात्र ती कधीच ऐकली नव्हती.

साल १९६६. तेव्हा परवाना काढून शिकार करता येई. घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती आणि एक जुनी बारा बोअरची दुनळी. मामांच्या मनात भरली होती ३१५ बोअरची रायफल. ३०३ हे लष्कराचे काडतूस. इंग्रजांच्या राज्यापासून ते खाजगी माणसाला बंद. म्हणून शिकारीसाठी ही ३१५, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. पण त्या वर्षी भात बुडाले होते, रायफलीला पैसे नव्हते. वाट पाहण्याचे मामांचे वय नव्हते. दुनळीत मोठे छर्रे भरले की एकतरी लागतोच, असे कुणीसे सांगितले होते.

माळशेजच्या पायथ्याच्या रानात पहाटे हाका झाला. सांबर सत्तर पावलांवर उभे राहिले. त्या बंदुकीने तीस पावलांच्या आत मारायचे, हे मामांना ठाऊक होते. तरी चाप ओढला. छर्रे पांगले आणि पोटात लागले.

“उरात एक गोळी बसली असती तर शंभर पावलांत पडलं असतं,” मामा म्हणाले. “पोटात लागलेलं जनावर चालतं. फार चालतं.”

बरोबरच्या ठाकर गड्याने दिवसभर रक्ताचा माग काढला. पालापाचोळ्यावरचे ठिपके विरळ होत गेले, मग अंधार पडला. दुसरा दिवसही असाच गेला. तिसऱ्या दिवशी गिधाडे घिरट्या घालताना दिसली, म्हणून जागा कळली. (तेव्हा गिधाडे होती. पुढे गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅक औषधाने त्यांचा फडशा पाडला, आणि ते औषध बंद व्हायला २००६ साल उजाडले.) सांबर ओहोळात पाण्याला तोंड लावून पडले होते. मांस कामाचे राहिले नव्हते. त्या गड्याला वाटा कबूल केला होता. तो काही बोलला नाही, फक्त शिंगे तोडून मामांच्या हातात दिली.

“घरी आलो तर सगळ्यांनी शिंगं पाहिली. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साठ वर्षं होत आली.”

दोन वर्षांनी मामांनी ती रायफल घेतली. जवळच्या माळावर मातीच्या ढिगाऱ्यावर नेम धरून पुष्कळ गोळ्या खर्चिल्या. सांबरावर एकही झाडली नाही. १९७० साली शहापूरकडचे तानसाचे रान अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली. आता दर निवडणुकीला रायफल पोलीस ठाण्यात जमा होते आणि मतमोजणी झाली की घरी येते. एवढाच तिचा प्रवास.

“आता ऐक,” मामा मोबाईलकडे वाकून म्हणाले. “मॅग्नम नको. धक्का जोराचा बसतो, नव्या माणसाचे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटतात. ती दुसरी सांगितलीस ती घे. वापरलेली मिळाली तरी चालेल. पैसे गोळ्यांवर घाल. एका ताटलीएवढ्या वर्तुळात पाचच्या पाच गोळ्या किती पावलांवरून बसतात ते बघ, बसून, उभ्याने, धाप लागलेली असताना. तो तुझा आकडा. त्याच्या पलीकडे जनावर कितीही देखणं असो, तुझं नव्हे. आणि लागलं नि पळालं, तर दोन दिवस मागे जाण्याची रजा काढलेली असू दे.”

भाचा वहीत लिहून घेत होता. ताई देवासमोरची समई सारखी करीत उभी होती, बराच वेळ.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे मुरबाडला फोन आला. मी तिथेच होतो. भाच्याने उन्हाळी कपडे घालून पहिल्या दिवशी सराव केला होता आणि खांदा सुजवून घेतला होता, हे सांगून झाले. त्याचा आकडा दोनशे पावले ठरला होता. चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या उजेडात, नर उभा राहिला.

“किती पावलं?” मामांनी विचारले.

“दीडशे असेल. पण त्याच्या मागे झाडीत एक मादी होती. थांबलो. ती हलेना. मग उजेड गेला.”

“मग?”

“मग काही नाही. गोळी काढली आणि खाली उतरलो.”

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“थंडी फार होती का रे?” त्यांनी विचारले.