विश्लेषण : पॉप गाण्याच्या व्हिडीओत पात्र कसे घडते? कपडे आणि कॅमेरा नेमके काय करतात?

चार मिनिटांच्या गाण्यात पात्राची ओळख करून द्यायला वेळ नसतो, बहुतेकदा संवादही नसतात. तरीही काही व्हिडीओंमधली माणसे वर्षानुवर्षे लक्षात राहतात. मायकल जॅक्सनचे लाल जॅकेट, शिनेड ओकॉनरचा डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, ‘धिस इज अमेरिका’मधला उघड्या अंगाने नाचणारा माणूस ही त्याची ठळक उदाहरणे. ही पात्रे आवाजाइतकीच कपड्यांनी आणि कॅमेऱ्याने घडवली आहेत. आता गाणी मोबाइलच्या उभ्या पडद्यावर, तुकड्यातुकड्यांनी पाहिली जातात. अशा वेळी या पात्रांचे काय होते, हे समजून घ्यायला हवे.

व्हिडीओतला गायक आणि पात्र वेगळे असतात?

अनेकदा असतात. ‘चाइल्डिश गॅम्बिनो’ हे नावच त्याचे उदाहरण. अभिनेता, लेखक आणि गायक डोनाल्ड ग्लोव्हर याने इंटरनेटवरच्या एका नावे बनवून देणाऱ्या गमतीच्या साधनातून हे नाव घेतले आणि त्याच नावाने गाणी केली. म्हणजे व्हिडीओ सुरू होण्याआधीच तिथे एक सोंग उभे असते.

चित्रपटाला नायकाचे घर, नोकरी, नातेवाईक दाखवायला अर्धा तास मिळतो. गाण्याला काही सेकंद मिळतात. त्यामुळे दोन गोष्टींवर जास्त भार पडतो. हा माणूस कोण आहे, कुठल्या थरातला आहे, कुठल्या काळातला आहे, हे कपडे सांगतात. आपण त्याच्या किती जवळ उभे आहोत, त्याच्या बाजूने पाहतो आहोत की त्याच्यासमोरून, हे कॅमेरा ठरवतो. पहिल्याने ओळख होते, दुसऱ्याने नाते जुळते. दोन्हींचा मेळ जमला, की प्रेक्षकाच्या मनात पात्र उभे राहते.

‘थ्रिलर’मधल्या लाल जॅकेटने काय साधले?

२ डिसेंबर १९८३ रोजी ‘एमटीव्ही’वर आलेला ‘थ्रिलर’ जवळपास १४ मिनिटांचा होता. दिग्दर्शक जॉन लँडिस, तर वेशभूषा डेबोरा नॅडूलमन लँडिस यांची. रात्रीचा रस्ता, सभोवती मातकट, फाटक्या कपड्यांतली भुते आणि मध्ये अंगकाठीने बारीक असलेला जॅक्सन, असे ते दृश्य. त्या गर्दीत तो हरवून जाऊ नये म्हणून वरपासून खालपर्यंत लाल रंग वापरला गेला. जॅकेटच्या खांद्यांवरून आलेल्या काळ्या पट्ट्यांमुळे खांदे रुंद दिसतात. जॅकेट आणि पँट एकाच रंगाचे असल्याने उंची वाढल्यासारखी वाटते. नृत्याच्या वेळी कॅमेरा मागे सरकून पूर्ण देह चौकटीत घेतो. पावले दिसली नसती तर त्या जॅकेटचा निम्मा प्रभावही पडला नसता.

शेवटच्या क्षणी कॅमेरा आणखी एक काम करतो. सगळे स्वप्न होते, असे समजून मैत्रीण निर्धास्त होते आणि तिच्या खांद्यावर हात टाकलेला नायक मागे वळून थेट कॅमेऱ्यात पाहतो. त्याचे डोळे पिवळे असतात. ते तिला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. एका नजरेत प्रेक्षक त्या गुपितात सामील होतो. हे जॅकेट २०११ मध्ये लिलावात १८ लाख डॉलरला विकले गेले. त्याआधी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळवणारा ‘थ्रिलर’ हा पहिला म्युझिक व्हिडीओ ठरला होता.

भपका नसला तरी हे घडते?

१९९० मध्ये आलेल्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या गाण्याने ते दाखवून दिले. गीत प्रिन्सचे, आवाज आयर्लंडच्या शिनेड ओकॉनरचा आणि दिग्दर्शन जॉन मेबरीचे. पॅरिसजवळच्या उद्यानातली काही दृश्ये सोडली तर पडद्यावर बहुतांश वेळ फक्त तिचा चेहरा आहे. डोक्यावर बारीक कापलेले केस, गळ्यापर्यंत बंद काळा पोशाख आणि मागे काळोख. काळ्यात काळे मिसळून शरीर जवळपास नाहीसे होते. गायिकेचा देह न्याहाळण्याची सवय लागलेल्या कॅमेऱ्याला इथे न्याहाळायला काही मिळतच नाही. तो चेहऱ्यापाशी थांबतो आणि तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो तेव्हा पाहणाऱ्याला नजर वळवायला जागा उरत नाही. गाताना आपल्याला दिवंगत आईची आठवण आली होती, असे ओकॉनरने नंतर सांगितले. ‘एमटीव्ही’चा वर्षातील सर्वोत्तम व्हिडीओचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला कलाकार ठरली.

‘धिस इज अमेरिका’मधले कपडे काय सांगतात?

५ मे २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या या व्हिडीओचे दिग्दर्शन हिरो मुराई यांनी केले. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत १७ जणांचा बळी घेणाऱ्या गोळीबाराला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गाणे ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. २०१९ मध्ये त्याला सर्वोत्तम गाणे, सर्वोत्तम रेकॉर्ड आणि सर्वोत्तम व्हिडीओ यांसह चार ग्रॅमी मिळाले.

यात ग्लोव्हरच्या अंगात फिकट करडी पँट आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या आहेत. वरचे अंग उघडे आहे. सोन्याच्या साखळ्या ही रॅप संगीतातल्या यशाची ओळखीची खूण. करड्या रंगात अनेक समीक्षकांना अमेरिकी यादवी युद्धातल्या, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याचा गणवेश दिसला. पहिली गोळी झाडतानाची वाकडी, लचकलेली उभी राहण्याची ढब त्यांना ‘जिम क्रो’च्या जुन्या चित्रांसारखी वाटली. १८३०च्या दशकात थॉमस राइस हा गोरा कलाकार तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत असे. ‘जिम क्रो’ हे त्याच्या पात्राचे नाव. पुढे वंशभेदाच्या कायद्यांना तेच नाव पडले. एकाच माणसाच्या अंगावर यश, गुलामगिरी आणि करमणूक अशी तिहेरी खूण येते. त्याच्याबरोबर नाचणारी मुले मात्र शाळेच्या गणवेशात आहेत. त्यामुळे जे काही घडते, ते मुलांच्या डोळ्यांदेखत घडते.

यात कॅमेरा प्रेक्षकाला कसा गुंतवतो?

छायाचित्रणकार लार्किन सीपल यांनी मोठ्या रिकाम्या गोदामात फिरणारा कॅमेरा वापरला आहे. कट मोजके आहेत आणि बराचसा भाग एका दमात चित्रित केल्यासारखा वाटतो. कॅमेरा ग्लोव्हरबरोबर चालतो, त्याच्यासमोर मागे-मागे सरकतो. गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो गोळी घालतो तेव्हा हादरा दाखवण्यासाठी वेगळा क्लोजअप येत नाही. कॅमेरा त्याच चालीने पुढे जातो. बंदूक लाल कापडात जपून ठेवली जाते आणि प्रेत फरफटत नेले जाते. पुढे चर्चमधल्या भक्तिगीतांचा वृंद गोळ्यांनी कोसळतो. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली होती. अनेकांना तिची आठवण झाली. तिथेही कॅमेरा रेंगाळत नाही.

शेरी सिल्व्हर यांनी बसवलेल्या नृत्यात आफ्रिकी पदन्यास आणि सोशल मीडियावर गाजलेल्या चाली आहेत. मुलांचे हसरे चेहरे पुढे असतात आणि मागे पळापळ, पोलिसांची गाडी, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार असे सगळे सुरू असते. डोळा सहजच नाचाकडे जातो. दुसऱ्यांदा पाहताना मागचे दिसते आणि पहिल्यांदा आपण काय पाहत होतो, हा प्रश्न पडतो. व्हिडीओचा खरा परिणाम इथे आहे. लक्ष विचलित करणारा माणूस पडद्यावर आहे आणि विचलित होणारा पडद्यासमोर बसलेला आहे. मध्येच कॅमेरा वर वळतो तेव्हा वरच्या सज्जात तोंडाला पांढरे कापड बांधलेली मुले दिसतात. खाली चाललेल्या गोंधळाचे ती मोबाइलवर चित्रण करत असतात.

शेवटी पात्र बदलते का?

कपडे तेच राहतात, कॅमेऱ्यामुळे त्यांचा अर्थ उलटतो. अखेरच्या दृश्यात ग्लोव्हर जवळपास काळोखातून जीव घेऊन कॅमेऱ्याच्या दिशेने धावत असतो. मागे धूसर माणसांचा जमाव असतो. त्याचे डोळे विस्फारलेले असतात. गोदामात उघडे अंग बेफिकिरीचे, ताकदीचे वाटत होते. इथे तेच अंग असुरक्षित वाटते, कारण अंगावर काहीच नाही. आधी कॅमेरा त्याच्या तालाने चालत होता, आता त्याच्यापुढून माघार घेत राहतो आणि त्याला कुठेही पोहोचू देत नाही. काही मिनिटांपूर्वी गोळ्या झाडणारा माणूस शिकार झालेला दिसतो. या दोन रूपांमधले अंतर एका शब्दानेही समजावून सांगितलेले नाही.

भारतीय पॉपमध्ये असे प्रयोग झाले?

झाले, आणि त्यांची घडण मुंबईत झाली. नवरात्रातल्या गरब्यामुळे घराघरांत पोहोचलेल्या फाल्गुनी पाठक यांचे १९९८ मधले ‘याद पिया की आने लगी’ आणि १९९९ मधले ‘मैंने पायल है छनकाई’ ही गाणी आठवावीत. त्या काळात गायिकेच्याच व्हिडीओत तिने नटूनथटून नायिका होणे अपेक्षित होते. फाल्गुनी मात्र त्यांच्या नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांत दिसतात. प्रेमकथा दुसऱ्याच तरुण जोडीची असते आणि कॅमेरा फाल्गुनींना ती गोष्ट पाहणाऱ्या, हसत गाणाऱ्या मैत्रिणीसारखे अधूनमधून दाखवतो. नायिकेचा पोशाख नाकारल्यामुळे त्यांना कथेतली एक वेगळी, निवेदकाची जागा मिळाली.

मोबाइलच्या उभ्या चौकटीत काय हरवते?

बहुतेक व्हिडीओ १६:९ अशा आडव्या चौकटीसाठी बनतात. रीलसाठी त्यांतून ९:१६ असा उभा, पूर्ण उंचीचा तुकडा कापला, तर मूळ दृश्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. न कापता उभ्या फोनवर पाहिले, तर २०:९ प्रमाणाच्या पडद्यावर चित्र साधारण एक चतुर्थांश जागेत आक्रसते. ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’चा चेहरा या कापाकापीतूनही बराचसा टिकेल. ‘थ्रिलर’मधला लाल रंग ठळक राहील, पण दोन्ही बाजूंची भुते निघून जातील आणि गर्दीत तो वेगळा दिसण्याचे कारणच उरणार नाही.

सर्वाधिक नुकसान ‘धिस इज अमेरिका’चे होईल. मधला नाच शिल्लक राहील आणि मागचा हिंसाचार चौकटीबाहेर जाईल. १५ सेकंदांच्या तुकड्यात एक बेफिकीर, मजेत नाचणारा माणूस उरेल. व्हिडीओ ज्या विसराळूपणावर बोट ठेवतो, त्याचाच तो नमुना ठरेल. कपडे कलाकाराने निवडलेलेच राहतात, पण चौकट आता तुकडा कापणाऱ्याच्या हातात गेली आहे. त्यामुळे एखाद्या गायकाविषयी किंवा गाण्याविषयी रीलवरून मत बनवण्याआधी फोन आडवा करून मूळ व्हिडीओ एकदा पूर्ण पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना नजर मुद्दाम कडेला न्यावी. बऱ्याचदा पात्राची निम्मी गोष्ट तिथेच घडत असते.