लाल शेपटीचा वैमानिक

परीक्षेत तुम्ही पास झालात आणि तरीही ‘तुम्हाला प्रवेश नाही’ असं कुणी सांगितलं तर? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढलेल्या ली आर्चरचं १९४१ मध्ये अगदी असंच झालं. कारण एकच, कातडीचा रंग काळा! लष्कराने त्याला विमानाऐवजी तारायंत्राच्या कामाला जुंपलं.

पण पुढे टस्कीगी इथे काळ्या तरुणांसाठी वैमानिक-शिक्षण सुरू झालं, तेव्हा हा पठ्ठ्या तिथे पोहोचला आणि १९४३ मध्ये आपल्या तुकडीत पहिला आला! या वैमानिकांच्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या असत. १२ ऑक्टोबर १९४४ ला हंगेरीच्या आकाशात आर्चरने एकाच दिवशी तीन जर्मन विमानं पाडली. युद्धात त्याने १६९ मोहिमा केल्या.

गोष्ट इथे संपत नाही बरं का! खरं तर पुढचा भागच मला जास्त आवडतो. १९७० मध्ये निवृत्त झाल्यावर आर्चर ‘जनरल फूड्स’ या बड्या कंपनीत गेले, उपाध्यक्ष झाले. तिथे त्यांच्याकडे भांडवल पुरवण्याचं काम होतं. बँक कर्ज देताना आधी विचारते, ‘तारण काय?’ ज्याच्याकडे घर ना जमीन, त्याने काय सांगायचं? आर्चर यांची संस्था अशा काळ्या उद्योजकांच्या धंद्यात पैसे घालायची. ‘इसेन्स’ मासिकालाही तिचा हातभार लागला. पुढे १९८७ मध्ये, सत्तरीला टेकताना, त्यांनी स्वतःचीच गुंतवणूक कंपनी काढली!