‘जोरात टाक!’ म्हणण्यापूर्वी

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा सुरू झाल्या की मैदानाच्या कडेने एकच आरोळी ऐकू येते, “जोरात टाक!” पिचर मुलगी खांदा भरून येईपर्यंत जोरात टाकते. सुरुवातीला समोरच्या मुली चुकतात. पुढे त्यांना वेगाची सवय होते आणि तोच चेंडू फटकावला जातो. मग “हिच्यात दम नाही” म्हणून आपण मोकळे होतो. दम असतो; तिला दुसरा चेंडू कुणी शिकवलेला नसतो.

हा दुसरा चेंडू म्हणजे ‘चेंजअप’. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज मध्येच संथ चेंडू टाकतो, तसाच हा. महिलांच्या सामन्यात पिचरची जागा होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.६५ सेकंदात कापतो, तर ५४ किलोमीटर वेगाचा सुमारे ०.८७ सेकंदात. फरक पाव सेकंदाचाही नाही. पण तेवढ्यात बॅट फिरून गेलेली असते.

मुलींची चूक एकच होते. चेंडू हळू जावा म्हणून त्या हातच हळू फिरवतात आणि बॅटवालीला आधीच कळते. हात नेहमीच्याच वेगाने फिरावा, पाऊलही तेवढेच लांब पडावे. फरक पकडीत आणि मनगटात. वेगवान चेंडू बोटांत धरून मनगटाचा झटका देतात. चेंजअप तळहातात खोलवर धरावा, आवळू नये आणि झटका देऊ नये.

आधी साधा चेंडू नेमका पडू लागला पाहिजे, मगच हा शिकवावा. प्रथम निम्म्या अंतरावरून टाकून घ्यावा. नंतर दोन्ही चेंडू मिसळून टाकायला सांगावे आणि आपण कॅचरच्या मागे, जाळीपलीकडे उभे राहावे. चेंडू सुटण्याआधीच ओळखता आला, तर हात मंदावला असे समजावे.

एक मात्र लक्षात ठेवावे. चेंजअपमुळे खांद्याला विश्रांती मिळत नाही, कारण हात तेवढाच फिरतो. दुखू लागले की पिचिंग थांबवावे, सामना असला तरी.

सुरुवातीला हा चेंडू कधी जमिनीवर आपटेल, कधी उंच राहून मार खाईल. त्या वेळी मुलगी आधी आपल्या तोंडाकडे पाहते. आम्हीही कडेला उभे राहून “जोरात!” असे पुष्कळ ओरडलो आहोत. यंदा टाळ्या तेवढ्या वाजवायच्या, असे ठरवले आहे.