गोळ्या मध्येच का सुटतात?



नैराश्याचे रुग्ण 'मनाच्या कमकुवतपणामुळे' औषध सोडतात, असे मागील अंकातल्या पत्रात म्हटले आहे. हा आरोप अन्यायाचा आहे.

नैराश्यावरची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोप उडणे, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. फायद्याआधी त्रास वाट्याला आला आणि कोणी आधी सांगितले नसेल, तर माणूस गोळी सोडणारच! काहींची लैंगिक इच्छा मंदावते. ते तर डॉक्टरांनाही सांगितले जात नाही.

गोळी सुटण्याचा दुसरा टप्पा बरे वाटल्यानंतरचा. त्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. घरचे मात्र म्हणतात, 'आता कशाला? सवय लागेल.' अचानक थांबवल्यावर चक्कर, चिडचिड सुरू झाली की तेच व्यसनाचा पुरावा ठरते. वास्तविक मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असते.

शिवाय वांद्रे पूर्वेतल्या घरकाम करणाऱ्या बाईला सायन किंवा केईएम रुग्णालयाची ओपीडी गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते.

यावर मार्ग आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व 'संगत' संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमून रुग्णांना आजार समजावला, पाठपुरावा केला. सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. महापालिकेच्या दवाखान्यांत असे समुपदेशक हवेत.

तोवर, गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

— एक वाचक, वांद्रे