गाडीतलं बोलणं ऐकू यावं म्हणून

घाट संपून रस्ता सरळ झाला, काटा शंभराच्या पुढे गेला की गाडीतल्या गप्पा आटतात. मागच्या सीटवरचं माणूस काहीतरी सांगतं, पुढचं "काय?" म्हणतं, तेच वाक्य मोठ्यानं परत येतं आणि तिसऱ्या खेपेला "जाऊ दे, उतरल्यावर सांगते" होतं. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की यावर इलाज असेल, हेच डोक्यात येत नाही. गाडी साउंडप्रूफ करणं म्हणजे महागड्या म्युझिक सिस्टीमवाल्यांची हौस, असा सर्वसाधारण समज. मला तो पटत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर ही गरज आहे.

माझी आई कानाला यंत्र लावते. घरात तिचं छान चालतं. गाडी हायवेला लागली की मात्र ती यंत्र काढून डबीत ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. असं का होतं, हे समजून घेतलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. वाढत्या वयात आधी हरवतात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज, म्हणजे स, श, फ, थ अशी व्यंजनं. टायरच्या आवाजाचा मुख्य जोर असतो ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास, ऐन बोलण्याच्या पट्ट्यात. त्याखालचा घुमारा वरचे आवाज आणखी झाकून टाकतो. त्यातून कानाची बरीच यंत्रं गोंगाटात समोरच्या माणसाचं बोलणं टिपायच्या बेतानं बनवलेली असतात, आणि गाडीत बोलणारा असतो शेजारी किंवा पाठीमागे. तिच्या कानात मोठी होऊन जाते ती नुसती घरघर.

ही घरघर इंजिनाची नसते. ताशी पन्नासच्या पुढे बहुतेक कारमध्ये टायरचाच आवाज वरचढ होतो. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना तो अधिकच जाणवतो, कारण त्याला झाकायला इंजिन नसतं. टायरवरचे रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांमध्ये हवा दाबली जाऊन सुटते. यातला खालच्या पट्टीतला भाग सस्पेन्शनमधून पत्र्यात शिरतो आणि पत्राच घुमायला लागतो. वरच्या पट्टीतला भाग हवेतून, फटींतून, काचांतून, पातळ पत्र्यातून आत येतो. रोग दोन, औषधंही दोन. दुकानात मात्र सरसकट एकच शीट सगळीकडे चिकटवली जाते.

दाराचं काम एकदा शेजारी उभं राहून बघण्यासारखं असतं. कारागीर आतलं प्लास्टिकचं पॅनेल उचकटतो, क्लिपा एकेक करून सुटतात, मागे काळ्या चिकट पट्टीनं लावलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. तो सोलला की मोठाली भोकं असलेला आतला पत्रा. त्या भोकांतून हात घातला की बाहेरचा पत्रा लागतो. त्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखं 'ठण्ण' होतं. मग तो भाग स्पिरिटनं पुसून ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली शीट बसवायची आणि छोट्या रोलरनं दाबत जायचं, वरची नक्षी पार सपाट होईपर्यंत. पुन्हा वाजवावं, आता नुसतं 'ठप'. दार लावतानाचा आवाजही बदलतो, आणि गिऱ्हाईक तिथेच खूश होतं.

फरक खरा आहे, पण तो पत्र्याच्या स्वतःच्या घुमण्यातला आहे. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि ती थरथर उष्णतेत जिरते. एवढ्यासाठी पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळून जातो. पुढची शीट म्हणजे मुख्यतः वजन. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन-चार किलो भरते. अख्खी गाडी मढवली तर एक वाढीव शाळकरी पोर कायमचं सोबत घेतल्यासारखं होतं. हवेतून येणारा आवाज अडवायला वेगळी चीज लागते. फ्लोअरवर आणि चाकांच्या कमानींवर फोमचा थर, त्यावर जड व्हिनाइल, आणि तेही सलग. मध्ये फट राहिली तर आवाज तिथून वाट काढतोच. म्हणून दाराचं कडक झालेलं रबर बीडिंग बदलणं हे माझ्या मते शीटच्या आधीचं काम. स्वस्तातली डांबरी शीट तर घेऊच नये; विदर्भातल्या उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि गाडीभर वास सुटतो. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोकं असतात, ती बुजली तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल. एअरबॅगच्या वायरी आणि सेन्सर असतात तिथे न समजणाऱ्याला हात लावू देऊ नये.

आणि "सत्तर टक्के आवाज कमी" असं कुणी म्हणालं तर कशाचे टक्के, ते विचारावं. तीन डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला दहाएक डेसिबल कमी व्हावे लागतात, आणि नुसत्या दारांच्या कामातून तेवढे होत नाहीत.

माझा आग्रह असा, की पैसे आधी टायरवर खर्च करावेत. ठोकळे करवतीच्या दात्यांसारखे एका बाजूनं झिजलेला टायर कितीही शीट लावली तरी गुरगुरणारच. टायर वेळच्या वेळी आलटून-पालटून लावणं, हवा कंपनीनं सांगितली तेवढीच भरणं, आणि पुढचे टायर घेताना कमी आवाजाचे मागून घेणं, यातून मिळणारा फरक आई पहिल्याच प्रवासात सांगते. घरघर डावीकडे-उजवीकडे वळताना कमी-जास्त होत असेल तर ते चाकाचं बेअरिंग असू शकतं. तो आवाज झाकायचा नसतो, गाडी लगेच मेकॅनिककडे न्यायची असते. आणि वेग. समृद्धी महामार्गावर १२०ची मुभा आहे, पण काटा १०० वर आणला की टायरचा आवाज तीनेक डेसिबलनं उतरतो, एक पैसाही न लागता.

उरतो तो रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी, दोन्ही मुख्यतः काँक्रीटचे. ओल्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून काँक्रीटवर रेघा ओढाव्याच लागतात. पण त्या आडव्या आणि सारख्या अंतरावर ओढल्या तर टायर एका सुरात शिट्टी घालतो. गाडी जाते त्या दिशेनं, उभ्या ओढल्या तर तो सूर मोडतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यानं २००३ पासून फिनिक्सच्या काँक्रीट महामार्गांवर रबरमिश्रित डांबराचा पातळ थर घातला, आणि तो झिजल्यावर पुढे हिऱ्याच्या पात्यांनी काँक्रीटच उभं घासायला सुरुवात केली. आवाज तिथे मुळातच कमी झाला, प्रत्येक गाडीच्या आत आणि रस्त्याकाठच्या घरांतही. आपल्याकडे पुढच्या काँक्रीट रस्त्यांच्या निविदा निघतील तेव्हा पकडीच्या अटीशेजारी आवाजाचीही अट घातली पाहिजे, आणि जुन्या रस्त्यांचे सर्वांत कर्कश पट्टे दुरुस्तीला निघतील तेव्हा ते उभे घासून घेतले पाहिजेत.