एक्स-रे साफ, तरी पाठ का दुखते?

चिकूच्या वाडीत टोपल्या उचलणाऱ्या किंवा फुग्यांच्या कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या माणसाची पाठ दुखली, की आपण म्हणतो, कामाने दुखते. बाम लागतो, मालिश होते, कोणी हाडवैद्याकडे नेतो. डहाणू-तलासरीच्या वस्त्यांतली ही सवय मोडली पाहिजे. त्या दुखण्यामागे मणक्याचा टीबीही असू शकतो.

टीबी म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. मणक्याच्या टीबीत पुष्कळदा खोकला नसतो, थुंकीतही काही सापडत नाही. एक्स-रेवर तर हाड बरेच झिजल्यावरच खूण दिसते. एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज, चकतीची खराबी, भोवतीचा पू आणि मज्जारज्जूवरचा दाब लवकर कळतो. अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर तपासणीआधी सांगावे.

एमआरआय संशय बळकट करतो, शेवटचा निकाल देत नाही. शक्य असेल तेव्हा सुईने नमुना काढून सीबीनॅट तपासणी व्हावी. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचाही त्यातून सुगावा लागतो. उपचार साधारण वर्षभर चालतो. सरकारी औषधे मोफत आहेत आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात.

मग गाडी अडते कुठे? वाटेवर. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे, तर तलासरीकराला आधी डहाणू रोड गाठून लोकल धरावी लागते. रुग्णाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते. पालघर जिल्हा होऊन २०२४ मध्ये दहा वर्षे झाली. डॉक्टरांनी लिहिलेला एमआरआय फुकट, लवकर आणि नेण्या-आणण्याच्या गाडीसह मिळावा, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि तालुक्याला लेखी दिली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले, हात पसरायला नाही.

आपलेही काम आहे. पाठदुखी महिनाभर हटत नसेल, रात्री वाढत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना ‘टीबी तर नाही ना?’ असे सरळ विचारा. पाय जड पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एवढेच विचारू या: आपल्या वस्तीत कोणाची पाठ कधीपासून दुखते आहे?

जय भीम!