अर्जातला बांगडा

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा एक दुर्गुण ठाऊक आहे. घासाघीस केल्यावाचून मला खरेदीचे समाधान लाभत नाही. भाजीवाल्या बाईपासून पुस्तकविक्रेत्यापर्यंत सगळ्यांशी मी हुज्जत घातली आहे आणि सौ. दर वेळी चार पावले पुढे जाऊन, आपण या गृहस्थांबरोबर नाही, असे भासवत उभी राहिली आहे. हा दुर्गुण घेऊनच गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मालवणजवळच्या देवबागला गेलो.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि मधे माडांच्या सावलीत माणसांनी कशीबशी मांडलेली घरे. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. पहिल्याच दिवशी एका तरुण होडीवाल्याशी मी भाव केला. संगम दाखवायचा, पाण्यात डोके बुडवून मासे बघायचे, असा बेत होता. त्याने सांगितलेल्या रकमेतून मी दोनशे रुपये कमी करून घेतले. तो हसला, मानेनेच 'चला' म्हणाला. मला विजय मिळाल्यासारखे वाटले. मुलांनी निळे-पिवळे मासे पाहिले, मी फक्त खारे पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती गारव्याने. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत होता. शाळेत 'खारे वारे आणि मतलई वारे' यांवर टीप लिहून मी गुण मिळवले होते, पण हा मतलई वारा प्रत्यक्ष अंगावर घेण्याची ही पहिलीच वेळ. वाळूवर गेलो तर पंधरावीस माणसे एका दोरखंडाभोवती उभी. रापण लागली होती.

रापणीची रीत अशी. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेते आणि दुसरे टोक लांबवर पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि मागे मागे चालत ओढतात. जो मागे पोचला तो दोर सोडून पुढे पाण्यापाशी येतो, पुन्हा धरतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. दोन-अडीच तास हे चालते. यंत्र नाही, इंजिन नाही, नुसती माणसे.

त्यांच्यात सत्तरीचे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना 'तांडेल' म्हणत. माझ्या चष्म्यावरून त्यांनी माझा पेशा अचूक ओळखला.

"मास्तर, आज तिथ खंयची?"

मी गडबडलो. इंग्रजी तारीख सांगितली. रांगेत हशा पिकला.

"तारीख माका कित्याक व्हयी? षष्ठी आज. परवा अष्टमी, भांग."

भांग! 'भांगाची भरती' हा शब्द मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकांवर नेमकी खसखस पिकते, आणि मीही हसून पुढे जातो. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मंदावतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, हे मला पुस्तकातून माहीत. तांडेलांना ते पोटातून माहीत. भरतीची वेळ कशी काढायची तेही त्यांनी दोर ओढता ओढताच सांगितले. तिथीची पाऊणपट करायची. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या वेळेच्या आसपास पाणी भरते. माझ्या वडिलांना पाऊणकी तोंडपाठ होती आणि आम्ही भावंडे त्यांची थट्टा करायचो, की पाऊणकीचा आता काय उपयोग! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला तिचा उपयोग कळला, तेव्हा ऐकायला वडील नाहीत.

नुसते बघत उभे राहणे बरे दिसेना, म्हणून मीही दोर धरला. पाच मिनिटांत तळहात पेटले. माझ्या पुढच्या माणसाने मागे न बघताच सांगितले, "हातान वडू नका, आंगान वडा." ते जमेपर्यंत तासभर गेला. चार-दोन प्रवासी आले, दोराला हात लावून छायाचित्रे काढून घेतली आणि चहाला निघून गेले. माझीही तीच इच्छा होती, पण तांडेलांची नजर माझ्यावर होती.

ओढता ओढता गोष्टी निघाल्या. आदी एका रापणीवर पन्नास-साठ माणूस असायचा, आता वीस जमवताना नाकी नऊ येतात. जाळे एकाच्या मालकीचे नसते. मासळी विकली की जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. पोरे मात्र पर्यटनात गेली. त्यात रोज पैसे दिसतात. तांडेलांनी किनाऱ्याकडे हनुवटी केली. "तो बघा माझो झिल."

कालचाच होडीवाला! दोनशे रुपये माझ्या घशाशी आले.

जाळे जवळ आले तशा वर घारी फिरू लागल्या, पाट्या घेतलेल्या बाया पुढे सरकल्या. शेवटच्या वीस हातांत सगळ्यांचा आवाज चढला. आणि पिशवी वाळूवर आली तेव्हा तो आवाज एकदम बसला. तीन पाट्याही भरतील न भरतील. थोडे बांगडे, मूठमूठ तारली, बाकी जेलीफिश आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. कोणी काही बोलले नाही. अडीच तास ओढणाऱ्या माणसांनी जाळे झटकायला घेतले. बायांपैकी एकीनेच समुद्राकडे पाहून एक शिवी हासडली. ती येथे छापण्याजोगी नाही, पण अगदी योग्य होती.

वाटे पडले. मी चपला शोधत होतो तोच तांडेलांनी माझ्यापुढे दोन बांगडे धरले. मी खिशात हात घातला. त्यांचा चेहरा बदलला.

"ठेवा ते. दोरयेक हात लावल्यात ना? मगे वाटो घेवकच व्हयो."

त्या दोन बांगड्यांचे आमच्या घरमालकीण वहिनींनी तिरफळे घालून तिखले केले. बोटांची सालपटे निघालेल्या हाताने मी ते खाल्ले. सौ. काही बोलली नाही, पण तिने नेहमीसारखी चार पावले दूर बसकण मारली नाही, हे मी लक्षात घेतले.

संध्याकाळी तांडेल दारात उभे. बरोबर दोघे-तिघे आणि एक कोरा कागद. "मास्तर, मराठी शिकवतास ना? एक अर्ज करून देवा."

तक्रार पर्ससीनची होती. मासळीच्या थव्याभोवती भिंतीसारखे जाळे सोडायचे आणि खालची दोरी ओढून बटव्याच्या तोंडासारखे आवळून घ्यायचे. थवाच्या थवा एका फटक्यात वर येतो. राज्य सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत या जाळ्यांवर निर्बंध घातले. तेजस्वी दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी केली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातले दंडही वाढले. मंडळींचे म्हणणे एवढेच, की कायदा कागदावर असतो आणि दिवे रात्री त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. मी भीत भीत विचारले, की रापणीच्या बारीक जाळ्यातही लहान पिलावळ येतेच ना? सकाळी मी ती पाहिली होती. तांडेलांनी नाकारले नाही. "येता. पण आमच्या हातान किती वडतलो, मास्तर? दमलो की सोडतो."

मी उत्साहाने लिहायला बसलो. इतकी वर्षे भाषा शिकवतो आहे, अर्ज तो काय! 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, पारंपरिक मत्स्यव्यावसायिकांच्या उपजीविकेवर विपरीत परिणाम होत असून सदर बाबीची गांभीर्याने दखल घेण्यात यावी.' दीड पान झाले. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मी ठणठणीत आवाजात वाचून दाखवले.

तांडेल शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "बरा लिवल्यात. पण ह्येच्यात बांगडो खंय हा?"

मी कागद पुन्हा चाळला. खरोखरच बांगडा नव्हता. दोर नव्हता, वीस माणसे नव्हती, सकाळच्या तीन पाट्या नव्हत्या. मी वर्गात ज्या भाषेला 'प्रमाण' म्हणतो, तिच्यातून मी सगळे सफाईने गाळून टाकले होते. अशा अर्जावर 'दखल घेतली' असा शेरा मारणे किती सोपे, हेही मला तेव्हाच दिसले. माझ्याही टेबलावर विद्यार्थ्यांचे असले अर्ज येतात आणि मी तोच शेरा मारतो.

दुसरा कागद घेतला. "तुम्ही सांगा, मी लिहितो." तांडेल सांगू लागले, बाकीचे मधेच दुरुस्ती करू लागले. कोणत्या तिथीला, किती वाव पाण्यात, किती दिवे दिसले. त्या आठवड्यात रापणीला किती पाट्या लागल्या. एकेकाच्या वाट्याला किती रुपये आले. एका दिवशी वाट्याला चौतीस रुपये. तो आकडा मी दोनदा विचारून घेतला. क्रियापदे तेवढी मी सरळ केली, तीही निम्मीच. वहिनींनी तीनदा चहा केला. रात्री साडेदहाला अर्ज पुरा झाला. 'सविनय' तेवढे वर राहू दिले, तांडेलांचाच आग्रह होता.

सह्यांना सुरुवात झाली तेव्हा होडीवाला मुलगा आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. रापण सोडल्यापासून बापलेक या विषयावर बोलत नसत, असे वहिनींनी मला मागाहून सांगितले. तांडेलांनी त्याच्याकडे न बघताच पेन बाजूला सरकवले. तो थोडा वेळ तसाच उभा होता. मग आत आला, खाली बसला, अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला आणि चौतीस रुपयांपाशी थांबला.

"ता खरा?" त्याने बापाला विचारले.

"खरा."

त्याने सही केली.

सकाळी आम्हाला मालवणच्या एस.टी. स्टँडवर सोडायला तोच आला. मी दोनशे रुपये काढून त्याच्यापुढे धरले. तो नको म्हणेल, मग मी आग्रह करीन, असे काहीसे माझ्या मनात होते. पण त्याने नोटा घेतल्या, मोजल्या, शर्टाच्या खिशात घातल्या, आणि खिशातला अर्ज चुरगळला नाही ना, हे एकदा चाचपून पाहिले. कचेरी साडेनऊला उघडणार होती. आमची गाडी त्याआधीच सुटली.